शेतातल्या बेरीपासून घरच्या क्रम्बलपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहकांना स्वतः फळे खुडू देणाऱ्या शेतावर कुटुंबासह जाऊन बेरी आणणे आणि घरी येऊन त्यांचा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत असे समजले जाते. प्रत्यक्षात पदार्थाला रस किती सुटणार, त्यात साखर किती लागणार आणि फळांचा स्वाद टिकणार की नाही, हे बरेचसे झुडपापाशीच ठरलेले असते. म्हणून शेतावर पडणारे प्रश्न आणि स्वयंपाकघरात पडणारे प्रश्न येथे एकाच ओघात घेतले आहेत. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी आणि ब्लूबेरी ही चार फळे प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पहिल्यांदाच जात असल्यास कोणत्या बेरीची निवड करावी?

हे बरोबर कोण आहे यावर अवलंबून आहे. स्ट्रॉबेरीचे रोप जमिनीलगत वाढते, त्याला काटे नसतात आणि लाल फळ हिरव्या पानांत चटकन दिसते, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलांना ती सर्वांत सोयीची पडते. मात्र मोठ्यांना सतत वाकावे लागते, आणि ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांना अर्ध्या तासातच त्रास होऊ लागतो. ब्लूबेरीचे झुडूप कमरेपासून डोक्यापर्यंत उंच असते, त्यालाही काटे नसतात, आणि फळाची साल घट्ट असल्यामुळे नवख्या हातांतही ते फारसे चेमटत नाही. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळेच निघाले असतील, तर माझ्या मते ब्लूबेरीच निवडावी. रास्पबेरी अतिशय नाजूक असते. ब्लॅकबेरीला बहुधा काटे असतात. बिनकाट्यांच्या जातीही लावल्या जातात, तेव्हा शेतावर कोणती जात आहे हे आधी विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

त्याच दिवशी सकाळी शेतावर फोन करून खुडण्याजोगा माल आहे का, हे विचारावे. बेरीचा बहर हवामानाप्रमाणे आठवडाभर पुढेमागे होतो, आणि आदल्या दिवशी बरीच माणसे येऊन गेली असतील तर झुडपांवर कच्चीच फळे उरलेली असतात. स्वतःची भांडी चालतात का, फळे वजनावर देतात की डब्यावर, आणि खुडताना चाखायला परवानगी आहे का, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

दव वाळल्यानंतरची सकाळ ही खुडण्याची सर्वांत चांगली वेळ होय. त्या वेळी फळे थंड असतात आणि थंड फळ अधिक घट्ट असते. दुपारच्या उन्हात तापलेले फळ लवकर मऊ पडते आणि ओले खुडलेले फळ लवकर बुरशी धरते. पावसाने झाडे भिजली असतील तर बेत दुसऱ्या दिवशी ढकलणेच शहाणपणाचे.

भांडी उथळ घ्यावीत. खोल बादलीत वरच्या फळांच्या भाराने खालची फळे चेंगरतात. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीचा थर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नये. ब्लूबेरी त्याहून थोडा अधिक भार सोसते. याखेरीज टोपी, पिण्याचे पाणी, बंद बूट, हात पुसायला ओले फडके आणि परतीच्या प्रवासासाठी बर्फाची पेटी एवढे जवळ असले म्हणजे पुरते. कपडे मात्र डाग पडले तरी वाईट वाटणार नाही असेच घालावेत.

फळ पुरते पिकले आहे हे कसे ओळखावे?

या प्रश्नाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण पुढे स्वयंपाकघरात केलेले कोणतेही कौशल्य कच्च्या फळाची उणीव भरून काढत नाही.

स्ट्रॉबेरी देठापर्यंत लाल झालेली असावी. टोक लाल आणि खांद्याशी पांढरट असलेले फळ दिसायला मोहक असले तरी चवीला पाणचट निघते. पान उचलून फळाची मागची बाजूही पाहावी, कारण जमिनीकडची बाजू पुष्कळदा फिकी राहिलेली असते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास खुडण्याआधीच येतो आणि रंगापेक्षा त्या वासावर अधिक विसंबावे.

ब्लूबेरी निळी दिसली की ती पिकली असे वाटते, पण ते खरे नाही. फळ हलकेच वळवून देठाजवळचा भाग पाहावा. तेथे तांबूस किंवा हिरवट वलय असेल तर फळाला अजून काही दिवस हवे आहेत. पूर्ण पिकलेली ब्लूबेरी सर्व बाजूंनी सारखी निळी असते आणि तिच्यावर पांढुरकी, भुकटीसारखी झाक असते. ही झाक म्हणजे धूळ किंवा फवारणीचे औषध नव्हे, तर फळानेच तयार केलेला मेणाचा थर आहे. त्यामुळे फळातला ओलावा टिकतो, म्हणून ती शक्यतो पुसू नये.

ब्लॅकबेरीच्या बाबतीत नवखा माणूस हमखास चकतो. चकचकीत काळे फळ पिकलेले वाटते, पण ते आंबट असते. ती चमक जाऊन काळा रंग किंचित मंद झाला आणि फळ भरदार, मऊ लागू लागले, म्हणजे ते गोड झाले. हलक्या ओढीने सुटत नसेल तर ते झुडपावरच राहू द्यावे.

रास्पबेरी तर हे स्वतःच सांगते. फळ पिकले की आतल्या पांढऱ्या शंकूवरून ते टोपीसारखे अलगद निघून येते आणि शंकू फांदीवरच राहतो. ओढावे लागले तर ते कच्चे आहे असे समजावे.

अर्धकच्ची बेरी घरी ठेवून पिकते का?

नाही. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी तोडल्यानंतर पिकत नाहीत. त्यांचा रंग थोडा गडद होईल, फळ मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. ब्लूबेरीचा रंग बदलतो, तरी तिचीही साखर वाढत नाही.

फळ खुडण्याची योग्य पद्धत कोणती?

स्ट्रॉबेरी मुठीत धरून ओढू नये. फळाच्या वर साधारण एक सेंटिमीटरवर देठ अंगठा आणि तर्जनीच्या नखांमध्ये धरून चिमटावा, म्हणजे फळ हिरव्या पानांच्या टोपीसकट हातात येते. ही टोपी धुऊन होईपर्यंत काढू नये. ती काढली की त्या जागेतून पाणी आत शिरते आणि फळ बेचव होते.

ब्लूबेरीच्या घोसाखाली एका हाताचा तळवा धरावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फळे हलकेच लोटावीत. पिकलेली फळे आपोआप तळव्यात घरंगळतात आणि कच्ची घोसालाच चिकटून राहतात. ही पद्धत एकदा हाताला बसली की खुडण्यात एक लय येते आणि मुलेही ती पाहून लगेच उचलतात. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीसाठी अंगठा व दोन बोटांची पकड पुरेशी आहे. बोटांच्या टोकांनी दाबू नये आणि मुठीत एका वेळी तीन-चारपेक्षा अधिक फळे साठवू नयेत.

एकाच झुडपाशी उभे राहून ते पूर्ण खुडावे, पाने उचलून आतल्या बाजूलाही पाहावे आणि मगच पुढे जावे. वरवर दिसणारी फळे घेत संपूर्ण रांगभर फिरल्याने झाडे तुडवली जातात आणि उत्तम पिकलेली, सावलीतली फळे मागेच राहतात.

लहान मुलांना या कामात कसे सामावून घ्यावे?

मुलाला त्याचे स्वतःचे, लहान आणि उथळ भांडे द्यावे आणि एकच नियम सांगावा : ब्लूबेरी असेल तर «लाल वलय दिसले तर तोडायचे नाही», स्ट्रॉबेरी असेल तर «पांढरा खांदा दिसला तर तोडायचे नाही». एका वेळी पाच सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही. थोड्या मोठ्या मुलांकडे निवडीचे काम सोपवावे. चेमटलेली फळे वेगळ्या डब्यात, चांगली फळे दुसऱ्या डब्यात. हे काम खरोखर उपयोगाचे असते आणि मुलांना ते कळते. मुलांना रमवण्यासाठी खोटे काम दिले की त्यांचे लक्ष उडायला वेळ लागत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने एक बाब स्पष्टपणे सांगायला हवी. चार वर्षांखालील मुलांना अख्खी ब्लूबेरी किंवा तेवढ्या आकाराचे गोल, टणक फळ देऊ नये, कारण ते घशात अडकू शकते. ते चिरून, लहान तुकडे करून द्यावे आणि मूल बसलेले असताना द्यावे. खुडताना धावत-खेळत खाण्याची सवय मोठ्या मुलांनाही लावू नये. ज्या मुलाला एखाद्या फळाची ॲलर्जी आहे, त्याच्याबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

तास-दीड तासाहून अधिक वेळ शेतात काढू नये. मुले कंटाळण्याच्या थोडे आधीच परत फिरले, तर पुढच्या खेपेला ती आपण होऊन निघतात.

मुले खुडताना नाना प्रश्न विचारतात. त्यांना काय सांगता येईल?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सगळे हातातल्या फळावरच दाखवता येते. स्ट्रॉबेरीच्या अंगावर आपण ज्यांना बिया म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिची खरी फळे होत. प्रत्येक दाण्याच्या आत एक बी असते आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग असतो. रास्पबेरी आतून पोकळ आणि ब्लॅकबेरी भरीव का, हेही शेतातच दाखवावे. रास्पबेरी तोडताना मधला शंकू फांदीवर राहतो, तर ब्लॅकबेरीचा शंकू फळाबरोबर येतो. दोन्ही फळे उभी चिरून शेजारी ठेवली की मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज लावली जाणारी मोठी स्ट्रॉबेरी ही दोन जातींच्या संकरातून आली. त्यांपैकी एक उत्तर अमेरिकेतली आणि दुसरी चिलीमधली. चिलीची रोपे आमेदे फ्रांस्वा फ्रेझिये या फ्रेंच लष्करी अभियंत्याने 1714 मध्ये फ्रान्सला नेली, आणि त्याच शतकात तेथे हा संकर घडून आला. ब्लूबेरीची लागवड तर त्या मानाने अगदी अलीकडची आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ व्हाइट यांनी रानातली मोठ्या फळांची झुडपे शोधून आणवली, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्यांचे संकर केले, आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक विक्रीला गेले. या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते, हे कोव्हिल यांनी दाखवून दिल्यामुळेच ते शक्य झाले.

रानात आढळणाऱ्या बेरी खुडाव्यात का?

ती वनस्पती खात्रीने ओळखणारी अनुभवी व्यक्ती बरोबर नसेल तर खुडू नयेत. खाण्याजोग्या बेरीसारख्या दिसणाऱ्या विषारी बेरीही असतात. पक्षी खातात म्हणून फळ माणसाला चालते, हा समज धोक्याचा आहे. छायाचित्राशी ताडून केलेली ओळखही पुरेशी मानू नये.

खुडलेली फळे घरी कशी आणावीत आणि किती दिवस टिकतात?

डबे सावलीत ठेवावेत आणि बंद गाडीत एक क्षणही सोडू नयेत. घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी निवड करावी : फुटलेली, रस गळणारी फळे बाजूला काढून त्याच दिवशी वापरावीत आणि बुरशी आलेले फळ असेल तर ते, त्याला चिकटलेल्या फळांसह टाकून द्यावे. त्यानंतर राहिलेली फळे न धुता, कागदी टिपकागद घातलेल्या उथळ डब्यात पसरून, झाकण किंचित उघडे ठेवून फ्रिजमध्ये ठेवावीत. साठवणीआधी धुणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण पृष्ठभागावर राहिलेला ओलावाच बुरशीला वाव देतो.

अशा रीतीने ठेवल्यास रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी एक ते तीन दिवस, स्ट्रॉबेरी साधारण तीन दिवस आणि ब्लूबेरी आठ-दहा दिवस चांगली राहते. पदार्थ करण्याचा दिवस त्या हिशेबानेच ठरवावा.

ब्लॅकबेरी फ्रिजमध्ये ठेवल्यावर मधेमधे लाल का होतात?

काळ्या फळातले काही दाणे थंडीत पुन्हा लाल पडतात. उन्हात तापलेले फळ खुडले असेल किंवा खुडताना, नेताना ते दाबले गेले असेल, तर हे अधिक प्रमाणात घडते. फळ खराब झालेले नसते. ते निःशंक वापरावे, आणि शिजल्यानंतर हा फरक दिसतही नाही.

धुताना पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या. फळे टाकून द्यावीत का?

टाकून देण्याची गरज नाही. काही फळमाश्या पिकत आलेल्या मऊ फळांत अंडी घालतात आणि त्यांतून या अळ्या निघतात. चुकून खाल्ल्या गेल्या तरी त्यांनी अपाय होत नाही, परंतु त्या नकोशा वाटणे स्वाभाविक आहे. फळे मिठाच्या थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली की बहुतेक अळ्या बाहेर येतात. मग साध्या पाण्याने दोनदा निथळून घ्यावे.

एरवी वापरण्याच्या थोडे आधी चाळणीत घेऊन थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली धुणे पुरेसे आहे. साबण वापरू नये. धुतल्यानंतर स्वच्छ फडक्यावर एकेरी थरात पसरून फळे कोरडी होऊ द्यावीत. पदार्थात नको असलेले पाणी येथूनच शिरते.

पाय, कॉबलर, गॅलेट, क्रम्बल यांपैकी कोणता पदार्थ करावा?

पाय म्हणजे पारीत भरलेले फळ. त्याची पारी खालून ओलसर न राहू देणे हे सरावाचे काम आहे. गॅलेटमध्ये तीच पारी साच्याविना, कडा दुमडून भाजतात. कॉबलरमध्ये फळांवर मऊ, बिस्किटासारख्या पिठाचे गोळे ठेवतात. क्रम्बलमध्ये लोणी चोळलेले रवाळ पीठ फळांवर भुरभुरून भाजतात.

कुटुंबाने मिळून करायचा असेल, तर क्रम्बलला पर्याय नाही असे मी आग्रहाने सांगेन. त्यात लाटायचे काही नसते, पीठ फाटण्याची भीती नसते, प्रत्येक वयाच्या माणसाला करण्याजोगे काम त्यात असते, आणि मुख्य म्हणजे त्यात फळाचा वाटा पिठापेक्षा मोठा राहतो. स्वतः खुडून आणलेल्या फळाला पिठाच्या जाड थराखाली दडपणे मला पटत नाही.

बेरी क्रम्बलची कृती सविस्तर सांगावी.

पुढील प्रमाण वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी भांड्यासाठी आहे आणि ते सहा जणांना पुरते. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. साध्या ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या भांड्यात फळांतल्या आम्लामुळे धातूची चव उतरते.

फळांच्या थरासाठी 700 ग्रॅम बेरी, 80 ग्रॅम साखर, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लागते. वरच्या थरासाठी 130 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम जाड ओट्स, 80 ग्रॅम ब्राउन शुगर, पाव चमचा मीठ आणि 100 ग्रॅम थंड लोणी घ्यावे. लोणी खारे असेल तर मीठ वगळावे.

ओव्हन 190 अंश सेल्सिअसला तापत ठेवावा. स्ट्रॉबेरी मोठ्या असल्यास त्यांचे दोन किंवा चार तुकडे करावेत. बाकीच्या बेरी अख्ख्याच राहू द्याव्यात. साखर आणि कॉर्नफ्लोअर कोरडेच एकत्र करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग ते मिश्रण, मीठ आणि लिंबाचा रस फळांवर घालून, चमच्याने न ढवळता, भांडे हलवून किंवा हातांनी खालून वर उलटून फळांना लावून घ्यावे. हे काम भट्टीत घालण्याच्या अगदी आधी करावे, कारण साखर लागताच फळांना पाणी सुटू लागते.

आता पीठ. मैदा, ओट्स, साखर आणि मीठ परातीत घेऊन त्यात थंड लोण्याचे लहान तुकडे घालावेत आणि बोटांच्या टोकांनी, मोहन चोळतो तसे, चोळत जावे. तळवे वापरू नयेत. त्यांच्या उष्णतेने लोणी वितळते आणि पीठ तेलकट होते. मूठ वळून पाहावी : मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलताच तो फुटून त्याचे मोठे, वेडेवाकडे तुकडे झाले पाहिजेत. काही तुकडे वाटाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे आणि काही भुग्यासारखे, असे मिश्रण सर्वांत उत्तम भाजले जाते. हे काम मुलांना फार आवडते. मात्र कच्चे पीठ चाखू देऊ नये, कारण न भाजलेल्या मैद्यात अपायकारक जिवाणू असू शकतात. पीठ चोळून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले तर तुकडे भाजताना आपला आकार अधिक चांगला राखतात. हा वेळ फळे तयार करण्यात सहज निघून जातो.

पीठ फळांवर सैल भुरभुरावे आणि दाबू नये. कडेला एखाद-दुसऱ्या ठिकाणी फळ उघडे राहिले तर उत्तमच. तेथून वाफ बाहेर पडते आणि पिठाखाली कोंडत नाही. भांड्याखाली एक ताट किंवा ट्रे ठेवावा, कारण रस उतू जाण्याची शक्यता असते. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. वरचा थर खमंग तांबूस झाला एवढ्यावर थांबू नये. रस कडेलाच नव्हे, तर मधोमधही दाट, संथ बुडबुड्यांनी उकळताना दिसला पाहिजे. वरचा थर आधीच गडद होऊ लागला तर त्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकावी आणि भाजणे चालू ठेवावे.

बाहेर काढल्यानंतर निदान अर्धा तास हात लावू नये. घरभर दरवळणाऱ्या वासामुळे हा अर्धा तास सर्वांना कठीण जातो, पण रस दाट होतो तो याच वेळात, आणि तोंड पोळण्याइतका तापलेला पाकही तेवढ्यात खाण्याजोगा होतो. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा बिनसाखरेचे क्रीम द्यावे.

प्रत्येक वेळी फळांचा रस पातळच राहतो. असे का होते?

बहुतेक वेळा कारण एकच असते : पदार्थ लवकर बाहेर काढलेला असतो. कॉर्नफ्लोअरचे कण पाणी शोषून पुरते फुगण्यासाठी रस जवळजवळ उकळीपर्यंत तापावा लागतो. वरचे पीठ त्याआधीच लालसर होते आणि आपण फसतो. दुसरे कारण म्हणजे थंड होण्याआधीच वाढणे. या दोन्हींत काही चुकले नसेल, तर फळे धुऊन ओलीच वापरली होती का, हे आठवून पाहावे.

फळांप्रमाणेही फरक पडतो. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटते, म्हणून केवळ स्ट्रॉबेरीचे क्रम्बल असेल तर कॉर्नफ्लोअर अर्धा टेबलस्पून वाढवावे. ती भट्टीत फिकी आणि लिबलिबीत होते, यासाठी निम्मी स्ट्रॉबेरी आणि निम्मी ब्लूबेरी किंवा ब्लॅकबेरी घेणे मला अधिक योग्य वाटते.

साखरेचे प्रमाण कसे ठरवावे?

फळ चाखून ठरवावे. वर दिलेले 80 ग्रॅम हे मध्यम गोड फळांसाठी आहे. पूर्ण पिकलेल्या स्ट्रॉबेरीला 50 ग्रॅम पुरते, तर आंबट ब्लॅकबेरीला 100 ग्रॅमपर्यंत लागू शकते. वरच्या थरात साखर असतेच, म्हणून फळांचा थर किंचित आंबटच ठेवावा. लिंबू मात्र गोड फळांनाही वगळू नये. त्याने स्वाद उठून दिसतो.

मफिन किंवा केकमध्ये घातलेल्या ब्लूबेरीभोवती हिरवट रंग का येतो?

बेरीचा लाल-निळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे असतो आणि ही रंगद्रव्ये आम्लात लाल, तर अल्कधर्मी मिश्रणात निळी-हिरवी होतात. पिठात खाण्याचा सोडा जास्त झाला असेल, तर फळाभोवतीचे पीठ हिरवे दिसते. तो पदार्थ खाण्यास सुरक्षित असतो. पुढच्या वेळी सोडा मोजून घालावा किंवा मिश्रणात ताक अथवा लिंबाचा रस घालावा. क्रम्बलमध्ये सोडा नसतो, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

जास्त खुडलेली फळे गोठवून ठेवता येतात का?

येतात, आणि ती क्रम्बलसाठी ताज्या फळांइतकीच उपयोगी पडतात. फळे कोरडी करून ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटतील अशी एकेरी थरात पसरावीत, काही तासांनी दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरून शक्य तितकी हवा काढून टाकावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. थेट पिशवीत भरून गोठवल्यास त्यांचा एकच गोळा होतो. उणे 18 अंश सेल्सिअसला आठ ते बारा महिने त्यांची प्रत चांगली राहते.

वापरताना ती वितळू देऊ नयेत. गोठलेलीच घेऊन कॉर्नफ्लोअर अर्धा टेबलस्पून वाढवावे आणि भाजण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावी.

मैदा किंवा लोणी चालत नसेल तर काय करावे?

या क्रम्बलमध्ये अंडे मुळातच नाही. मैद्याऐवजी बदामाची भरड आणि ओट्स समप्रमाणात घेता येतात. ग्लूटेन वर्ज्य असल्यास ओट्सही ग्लूटेनमुक्त असल्याची खात्री करावी. लोण्याऐवजी थिजलेले खोबरेल तेल चालते, पण ते थोडे कमी, म्हणजे 80 ग्रॅमच्या आसपास घ्यावे.

घरी ओव्हन नसेल तर?

वरचे मिश्रण जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, खमंग होईपर्यंत परतावे. बेरी वेगळ्या पातेल्यात साखर आणि लिंबाच्या रसासह शिजत ठेवाव्यात. रस सुटून उकळी आली की थोड्या थंड पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर घालून दाट करावे. दोन्ही वाढतानाच एकत्र करावे. भट्टीतल्या क्रम्बलमध्ये फळांचा रस पिठात खालून मुरतो, ती खुमारी यात येत नाही, पण फळे चांगली असतील तर पदार्थ समाधानकारक होतो.

कपड्यांवर पडलेले बेरीचे डाग कसे काढावेत?

साबण लावण्याची घाई करू नये. डाग ताजा असताना मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी, मग त्यावर लिंबाचा रस किंवा पांढरे व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवावे आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे धुवावे. रंगीत कपडा असल्यास आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. डाग पूर्ण जाण्याआधी इस्त्री केली तर तो पक्का होतो.

उरलेले क्रम्बल कसे ठेवावे?

पूर्ण थंड झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. ते तीन-चार दिवस चांगले राहते. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास वरचा थर मऊ पडतो, म्हणून 160 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, उघडेच, पंधरा मिनिटे ठेवावे. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर ते फ्रिजमधून काढल्याबरोबर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, कारण ते तडकू शकते. आधी अर्धा तास बाहेर ठेवावे.